काही करत नाही तो!

कुत्रा पाळलेल्या घराची बेल तुम्ही कधी वाजवली आहे? आतून भुंकण्याचा नुसता गलका होतो. आपण दोन पावलं मागे सरकतो. दार किलकिलं होतं, फटीतून एक ओलं काळं नाक बाहेर येतं आणि त्याच्या बरंच वर मालकाचा हसरा चेहरा. आपण विचारतो, "चावतो का हो?" आणि मालक म्हणतो, "छे छे! या ना आत. काही करत नाही तो!"

दोस्तांनो, मी जनावरांची डॉक्टर आहे. साताऱ्याला माझा दवाखाना आहे. मला आजवर पाच कुत्रे चावले. त्यांतल्या चौघांच्या मालकांनी चावण्याच्या आधी अर्धा मिनिट हेच वाक्य म्हटलं होतं. पाचवा रस्त्यावरचा होता, त्याच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. कुठल्या जातीचे होते? (कुणीही दिसलं की आधी जात विचारायची आपली सवय फक्त कुत्र्यांपुरती नाही म्हणा, पण ते असो.) तर ऐका. दोन पामेरियन, एक डॅशहुंड, एक लॅब्रॅडोर आणि तो रस्त्यावरचा. रॉटवायलर नाही, डॉबरमन नाही, अल्सेशियन नाही, पिटबुल तर नाहीच नाही.

हे ऐकून कुत्रेप्रेमी मंडळी लगेच टाळ्या वाजवतात. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" पण जरा थांबा. गणित आवडणाऱ्यांनी तर नक्कीच थांबा. माझ्याकडे एक रॉटवायलर येतो तेव्हा वीस-पंचवीस पामेरियन येऊन गेलेले असतात. शिवाय रॉटवायलर दारात दिसला की आम्ही आधी त्याच्या तोंडाला मुसकं बांधतो, दोन माणसं धरायला उभी करतो आणि मग सुई काढतो. पामेरियनला कोण मुसकं बांधतं? आणि पामेरियन चावला तेव्हा मी जखम धुऊन, पट्टी लावून पुढचा पेशंट तपासला. पन्नास किलोचा कुत्रा तसाच चावला असता तर तो हात पुन्हा सुई धरायच्या कामाचा राहिला असता की नाही, कोण जाणे. माझ्या पाच चाव्यांवरून कुठल्याच जातीचा स्वभाव सिद्ध होत नाही.

मग हे पुराण मी का लावलंय? एका मुलाच्या प्रश्नासाठी. ते सांगते.

जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध बाईंचा घरच्याच पिटबुलनं जीव घेतला. बातमी देशभर झाली. त्याच वर्षी गाझियाबादच्या महापालिकेनं पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जाती पाळायला बंदी केली. मग मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. तेवीस जातींचे कुत्रे माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत. त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आणि जे आधीच घरात आहेत त्यांना पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करा. यादीत रॉटवायलरचं नाव होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं, असं न्यायालयांचं सांगणं होतं. पण या दोन घटनांच्या मधल्या महिन्यात माझ्या दवाखान्यातला फोन थांबत नव्हता.

त्या दिवसांत आठवीतला एक मुलगा आपल्या बाबांबरोबर आला. सोबत ब्रूनो. चार वर्षांचा, काळा कुळकुळीत, भुवयांवर तांबूस ठिपके असलेला रॉटवायलर. ब्रूनो दोन महिन्यांचा असल्यापासून माझ्याकडे येतोय. त्यांच्या सोसायटीनं नोटीस दिली होती : पंधरा दिवसांत कुत्रा हलवा. बाबांना माझ्याकडून सर्टिफिकेट हवं होतं. काय लिहायचं तेही त्यांनी ठरवून आणलं होतं. "मॅडम, फक्त एवढंच लिहा, हा कुत्रा कधीही कुणाला चावणार नाही."

मुलगा काही बोलत नव्हता. बाबा गाडी वळवायला बाहेर गेले तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टरमावशी, ब्रूनो जन्मापासूनच वाईट आहे का? म्हणजे, त्याच्या रक्तातच आहे का ते?"

मोठी माणसं या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरं देतात. एक, "अरे, ती जातच खुनशी!" दुसरं, "कुत्रा वाईट नसतोच, मालक वाईट असतो." मला दोन्ही पटत नाहीत. का, ते नीट सांगते, थोडा धीर धरा.

रक्तात काही नसतंच असं म्हणणाऱ्यानं शिकारी पॉइंटर जातीचं पिल्लू पाहावं. पक्षी दिसला की ते एक पाय उचलून, नाक रोखून पुतळ्यासारखं उभं राहतं. कुणी शिकवलेलं नसतं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोंहून जास्त स्फोटकं ज्यानं हुंगून काढली तो पोलिसांचा झंजीर लॅब्रॅडोर होता, यात त्याच्या शिक्षकांचं कौतुक आहेच. पण पाण्यात पडलेलं बदक हुंगत जाऊन उचलून आणणाऱ्या पूर्वजांचाही वाटा आहे.

आणि स्वभावाचं म्हणाल, तर रशियातल्या नोवोसिबिर्स्कची गोष्ट ऐका. तिथे १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञानं कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. पिंजऱ्यातले जे कोल्हे माणसाला कमी घाबरत, कमी गुरकावत, फक्त त्यांचीच पिल्लं पुढे वाढवायची. त्यांच्या पिल्लांतूनही पुन्हा सगळ्यांत शांत तीच निवडायची. थोड्याच पिढ्यांत असे कोल्हे जन्मले की जे माणूस दिसताच शेपटी हलवायचे! बेल्यायेवच्या मागे ल्युडमिला त्रूत या बाईंनी हे काम कित्येक दशकं चालवलं. नंतर त्यांनी उलटही केलं, सगळ्यांत रागीट कोल्हे निवडून त्यांचा वेगळा वंश वाढवला. त्या रागीट वंशाची पिल्लं शांत आईच्या कुशीत ठेवून वाढवली, तरी ती फारशी निवळली नाहीत. म्हणजे स्वभाव रक्तातून येतो. थोडाथोडका नाही, चांगलाच येतो.

"मग झालं तर!" असं तुम्ही म्हणाल. पण गंमत पुढेच आहे.

त्या कोल्ह्यांची निवड फक्त आणि फक्त स्वभावावर झाली होती. आपल्या घरातल्या कुत्र्यांचं तसं नाही. आज ज्यांना आपण ‘जाती’ म्हणतो, त्यांतल्या बहुतेक गेल्या दोनशे वर्षांत पक्क्या झाल्या, आणि कशावरून? कान कसे, शेपटी किती, रंग कुठला यावरून. कुत्र्यांच्या प्रदर्शनात बक्षीस रूपाला मिळतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना कुत्र्याच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारले आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले. निष्कर्ष दोन. स्वभावाचा बराच भाग आनुवंशिक असतो, हा पहिला. आणि दुसरा असा, की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. सांगितलेलं ऐकणं, हुकूम पाळणं यात जातीचा थोडा अंदाज येतो. पण कुत्रा किती पटकन चिडेल, हे जातीच्या नावावरून जवळजवळ कळतच नाही!

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? आडनावाचं उदाहरण घ्या. उंची, नाक, आवाज आपल्याला आई-बाबांकडून मिळतात, हे खरंच. पण आडनाव तेंडुलकर आहे म्हणून कुणी तुम्हाला शाळेच्या टीममध्ये घेतं का? नाही. सर म्हणतात, "आधी बॅटिंग करून दाखव." कुत्र्याची जात म्हणजे त्याचं आडनाव. स्वभाव येतो तो त्याच्या आई-बापाकडून. म्हणून पिल्लू घ्यायला गेलात तर त्याची आई पाहायला मागा, ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते पाहा. विकणारा आई दाखवायला तयार नसेल तर घरी परत या. तुमच्या आई-बाबांनाही हे वाचून दाखवा.

पिटबुलचं काय, असं विचाराल. त्याचा इतिहास वाईटच आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी बैल खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे आणि लोक पैसे लावून ते बघायचे. १८३५ मध्ये कायद्यानं हा प्रकार बंद झाला. मग शौकिनांनी कुत्र्यांच्या झुंजी लावायला सुरुवात केली. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून जे कुत्रे काढले, त्यांच्याच वंशात पिटबुल येतो. अजूनही कुणी झुंजीसाठी त्यातले तापट कुत्रे निवडून पैदास करत असेल, तर त्या पिल्लांची मला भीतीच वाटेल. (त्याच्या जबड्याला कुलूप असतं, चावला की उघडतच नाही, असं एक पिल्लू कुणीतरी सोडून दिलंय. तसलं काही नसतं. जोर जास्त आणि सोडायची इच्छा कमी, एवढंच.)

तरीही एक गोष्ट बघा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध फुटबॉलपटूच्या जागेवर झुंजीचा अड्डा सापडला. सुमारे पन्नास पिटबुल पोलिसांनी ताब्यात घेतले. अशा कुत्र्यांना तोवर सरळ मारून टाकत. या वेळी मात्र एकेकाला वेगळं तपासलं. बहुतेकांना जगू दिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे घरं मिळाली. काही मात्र आयुष्यभर प्राणी-आश्रमातच राहिले, घरात ठेवण्याजोगे झालेच नाहीत. आणि जॉनी जस्टिस नावाचा एक जण तर लायब्ररीत जाऊन बसायचा; वाचताना अडखळणारी लहान मुलं त्याला मोठ्यानं गोष्टी वाचून दाखवायची. एकाच जातीचे, एकाच अड्ड्यावरचे कुत्रे, पण निघाले वेगवेगळे.

आपल्या भीतीचीही फॅशन असते बरं का. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियानं अल्सेशियन आणायला बंदी केली होती, ती १९७० नंतर उठली. ब्रिटननं १९९१ मध्ये पिटबुलसह चार जातींवर बंदी घातली आणि २०२३ च्या अखेरीस त्यात एक्सएल बुली नावाच्या पाचव्याची भर टाकावी लागली. नेदरलँड्सनं पंधरा वर्षं पिटबुलवर बंदी ठेवली, चावे काही कमी होईनात, म्हणून २००८ मध्ये ती काढून टाकली. यादी करणं सोपं असतं हो. कुत्रा त्या यादीतला आहे की नाही हे ओळखणं महाकठीण. नुसतं बघून जात ओळखायला सांगितलं तर माझ्यासारखे डॉक्टरसुद्धा चुकतात.

आता मालकांकडे वळू. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेत असतं. या दिवसांत ज्याला लहान मुलं, म्हाताऱ्या आजी, सायकली, छत्र्या, कुकरची शिट्टी हे सगळं प्रेमानं दाखवलं जातं, त्याला पुढे या गोष्टींची भीती वाटत नाही. आणि कुत्रा चावतो तो बहुतेक वेळा भीतीपोटीच. पण होतं काय, बंगल्याच्या राखणीला म्हणून पिल्लू आणतात, गच्चीवर साखळीला बांधतात, "कुणाशी मैत्री नको, तिखट झालं पाहिजे" म्हणून माणसांपासून लांब ठेवतात. वर्षाभरानं ते खरंच तिखट होतं. मग साखळी तुटते एक दिवस.

आमच्या माणदेशातल्या धनगरांचे कुत्रे तुम्ही पाहिलेत? कुठल्याच विलायती पुस्तकात त्यांची जात नाही. दिवसा मेंढरांच्या कोकरांमध्ये ते असे लोळत पडतात की कोकरू अंगावरून चालत गेलं तरी डोळा उघडत नाहीत. पण रात्री मेंढवाड्याजवळ परकं पाऊल वाजलं की तोच कुत्रा लांडग्यालाही मागे सारतो, मग तुमची-आमची काय कथा! माझ्या ओळखीचे एक धनगरमामा लांबूनच ओरडतात, "ताई, तिथंच थांबा, मी आल्याबिगर फुडं येऊ नगा!" "काही करत नाही तो" असं ते कधीच म्हणत नाहीत. आपलं जनावर काय करू शकतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला विचाराल तर असा मालक सगळ्यांत चांगला.

ब्रूनोच्या बाबांना मी तेच सांगितलं. कधीही चावणार नाही असं मी कुठल्याच कुत्र्याबद्दल लिहून देऊ शकत नाही. माझ्या स्वतःच्या म्हाताऱ्या मोतीबद्दलसुद्धा नाही. मी जे पाहिलंय ते लिहीन म्हटलं. चार वर्षांत दवाखान्यात एकदाही अंगावर आला नाही. अनोळखी माणसांत शांत असतो. बोलावलं की येतो. सगळी इंजेक्शनं वेळेवर दिलेली आहेत. आणि एक गोष्ट : जेवताना ताटलीजवळ कुणी गेलं तर गुरगुरतो.

"ते नका ना लिहू," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्या एका ओळीवर ब्रूनोला घराबाहेर काढतील, असं त्याला वाटत होतं. तसं झालंही असतं. पण त्याच मजल्यावर तीन वर्षांची एक मुलगी राहते, हेही त्यानंच मला मागे एकदा सांगितलं होतं. मी ती ओळ लिहिली. खाली अटीही लिहिल्या. लिफ्टमध्ये आणि जिन्यात तोंडाला मुसकं. जेवण बंद खोलीत. आणि फिरवायला मोठं माणूस. मुलानं एकट्यानं न्यायचं नाही. पंचेचाळीस किलोचा कुत्रा मांजरामागे धावला तर चाळीस किलोचा मुलगा त्याला थांबवू शकत नाही. त्यात ना कुत्र्याचा दोष, ना मुलाचा.

सोसायटीची मीटिंग म्हणे रात्री अकरापर्यंत चालली. वादावादी झाली, जुनी भांडणंही निघाली. शेवटी अटींसकट ब्रूनोला राहू दिलं. दोन घरं अजूनही नाराज आहेत, आणि लहान मूल असलेल्या आईची भीती मला खोटी वाटत नाही. तो मुलगा मात्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बाबा ब्रूनोला आत आणायचे, हा बाहेर गाडीत बसून राहायचा. संध्याकाळचं फिरवणं त्याच्या हातून गेलं होतं ना!

यादीतल्या जातींवर आपण इतकं बोललो, पण तुम्हाला शाळेच्या वाटेवर भेटणारा कुत्रा बहुधा कुठल्याच यादीतला नसतो. त्याला वाचायला शिका. शेपटी हलतेय म्हणजे खूश, असं नेहमी नसतं. अंग सैल आणि शेपटीबरोबर कंबरही हलत असेल तर ठीक. अंग ताठ, शेपटी वर आणि नुसतं टोक थरथरतंय, डोळे रोखलेले, तर तिथूनच मागे फिरा, पण पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागायचं हे त्याच्या रक्तात आहे, आणि हे मात्र सगळ्या जातींच्या! अंगावर धावून आलाच तर झाडासारखे स्तब्ध उभे राहा, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नका. ओळखीचा असला तरी वरून वाकून मिठी मारू नका. लहान मुलांना तोंडावर चावे बसतात ते पुष्कळदा असेच.

आणि चावलाच, अगदी दात नुसता ओरखडला तरी, घरी सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रेबीज एकदा सुरू झाला की त्यावर उपाय नाही, पण त्याआधी लस घेतली तर तो टाळता येतो. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी एक-तृतीयांशाहून जास्त आपल्या देशात होतात, आणि त्यात तुमच्या वयाची मुलं फार असतात. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं आता घ्यावी लागत नाहीत, दंडावर देतात. डॉक्टर सांगतील तितकी सगळी घ्यायची, एकही चुकवायचं नाही. पण दवाखान्यात जायच्या आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुवा. हळद नाही, चुना नाही, मिरचीची पूड तर मुळीच नाही. साबण कुठलाही चालतो, कपड्यांचासुद्धा.